कौसामावशी अम्मानला बोलल्या, त्याची हकीकत

अम्मानला जाऊन आले हे मी गुलमंडीत इतक्या जणांना सांगितलंय, की आता लोक मला लांबून बघितलं की गल्ली बदलतात. म्हणून लिहूनच काढते. ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी वाचावं, आणि ज्यांनी तीनदा ऐकलंय त्यांनी माझ्या सांगण्यात काही फरक पडलाय का ते ताडून बघावं.

माझा धंदा वक्ते पुरवायचा. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानावर माझी दोन खुर्च्यांची कचेरी आहे. कुणाला व्याख्यानमालेला माणूस हवा, कॉलेजच्या गॅदरिंगला पाहुणा हवा, वाळूजच्या कारखान्यात कामगारांपुढं बोलायला कुणी हवं, की माझा फोन वाजतो. विषय ऐकायचा, माणूस हुडकायचा, त्याचा परिचय असा लिहायचा की वाचणाऱ्यानं सावरून बसावं, आणि ठरल्या वेळी त्याला मंचावर उभं करायचं. लासूर स्टेशनला आमची शेती अन् अडत आहे, आणि माझ्या वडिलांना, आबांना, हा धंदा अजून पटलेला नाही. "म्हंजे बँडवाल्यासारखंच की," ते म्हणतात. "फक्त वाजवणारा एकटा."

तर एक दिवस जॉर्डन देशातून मेल आला. अम्मान शहरात कोरड्या मुलखातल्या पाण्यावर परिषद भरणार होती. देशोदेशीचे इंजिनियर येणार होते, आणि त्यांच्यापुढं मेंढपाळांच्या भटकंतीवर दहा मिनिटं बोलेल असं अनुभवी माणूस त्यांना हवं होतं. माझी आजवरची धाव जालना-परभणीपर्यंत. परदेशातलं हे पहिलंच बोलावणं. मी यादी उघडलीसुद्धा नाही, कारण डोळ्यांपुढं एकच माणूस होतं.

कौसामावशी पिशोरकडच्या. दिवाळी सरली की दरसाल त्यांची मेंढरं आमच्या लासूरच्या रानात बसायला यायची. शेताला खत मिळायचं, मेंढरांना चारा. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून त्यांना बघतेय. आता साठी ओलांडलीय. नवरा गेल्यावर कळप एकटीनं हाकला, आणि सरपंच असो की फौजदार, कुणापुढं आवाज खाली आणला नाही. मी विचारायला गेले तर त्यांनी एकच सवाल केला, "तिथं मेंढरं हायती का?" आहेत म्हटल्यावर लगेच तयार झाल्या.

परिचय लिहिताना माझ्या अंगात आलं. "कौसाबाई म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेली बाई," असं झोकात लिहिलं आणि त्याच झपाट्यात, शब्दाला शब्द लावून, इंग्रजी करून पाठवून दिलं. आठवड्यानं उत्तर आलं. पहिल्याच ओळीत होतं, की कौसाबाईंना आम्ही उद्घाटनाचं बीजभाषण देत आहोत. बीजभाषण! अख्ख्या परिषदेतलं पहिलं आणि सगळ्यांत मानाचं भाषण! पुढचं वाचायला थांबतेय कोण? मी जिना उतरून पेढे आणले आणि गुलमंडीत दुकानोदुकानी वाटले. त्या मेलला पहिल्या ओळीखाली आणखी तीन परिच्छेद होते, हे मला अम्मानला पोचल्यावर कळलं.

मुंबईचा विमानतळ

प्रवासाचं रडगाणं गात नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मावशींच्या पिशवीत बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि त्यांच्या विहिरीच्या पाण्याची भली मोठी बाटली होती. तपासणीवाल्या बाईंनी बाटली बाजूला काढली आणि शेजारच्या डब्याकडं बोट दाखवलं.

"फेकायचं?" मावशी म्हणाल्या. "पाणी? माझ्या हातानं? आगं, ह्या मोसमात आमच्याकडं हंड्यासाठी भांडणं व्हत्यात!"

मी समजावलं, त्या बाईंनी समजावलं, मागची रांग कुरकुरायला लागली. मावशींनी बूच उघडलं आणि उभ्या उभ्या, एका दमात, सगळी बाटली पिऊन टाकली. मग रिकामी बाटली त्या बाईंच्या हातात दिली आणि पदरानं तोंड पुसलं. विमानात पुढं काय झालं ते विचारू नका. खिडकीजवळची जागा आम्ही दोघींनीही फारशी भोगली नाही.

अम्मान, पहिला दिवस

अम्मान टेकड्यांवर वसलंय आणि सगळी घरं एकाच पांढुरक्या दगडाची. खालून वर बघितलं की घरावर घर, आणि प्रत्येक घराच्या माथ्यावर पाण्याच्या टाक्या. आम्हाला घ्यायला परिषदेचं काम बघणारी समीरा आली होती, तरणी, हसरी, हातात सतत फोन. टाक्या इतक्या कशाला, असं मी विचारलं. ती जरा ओशाळून म्हणाली, "आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं."

मला तर तिला मिठीच मारावीशी वाटली! परदेशात येऊन माणसाला आपलं काहीतरी सापडावं, तसं झालं. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो, त्या दिवशी मी कुणालाही तारीख देत नाही, हे मी तिला सांगितलं. ती गाडी चालवणाऱ्याला अरबीत सांगून खदखदून हसली. त्यानंतर आमच्यात परकेपणा म्हणून राहिला नाही.

भाषेची गंमत वेगळीच. समीरा बोलताना मध्येच "कुर्सी" म्हणाली, "साबून" म्हणाली, "हवा" आणि "दुनिया" म्हणाली. मावशी कान टवकारून ऐकत होत्या. "ही आपल्या गुलमंडीतलीच माणसं हायती," त्यांनी निकाल दिला. "नुसती भरभर बोलत्यात."

दुपारी आम्हाला तिथलं मानाचं जेवण मिळालं. भलं मोठं ताट, तळाला पातळ रोटी, वर भात, भातावर मटण आणि सगळ्यावर आंबट पांढरा रस्सा. वाळवलेल्या दह्याचा रस्सा, असं समीरानं सांगितलं. मावशींनी बोट बुडवून चाखलं.

"आगं बया! कढीत मटण शिजवलंय ह्यांनी!" त्या माझ्या कानात कुजबुजल्या. "येडी का काय?" मग दोनदा वाढून घेतलं, आणि पिशवीतली चटणी काढून समीराच्या ताटात घातली. समीराच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण पोरीनं ताटात काही ठेवलं नाही.

इथपर्यंत सगळं झकास. जेवून आम्ही परिषदेचं सभागृह बघायला गेलो. दारातच माणसापेक्षा उंच फलक होता आणि त्यावर मावशींचा फोटो, डोईवर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. माझी छाती भरून आली. मग मी खालची इंग्रजी ओळ वाचली. तिचं मराठी असं होईल: "बारा गावांच्या पिण्याच्या पाण्याचा तुलनात्मक अभ्यास. वक्त्या: पाण्याच्या चवीच्या तज्ज्ञ कौसाबाई."

तिथंच खांबाला टेकून मी फोनमधला तो जुना मेल उघडला आणि ते तीन परिच्छेद वाचले. आपल्या तज्ज्ञांनी बारा गावांचं पाणी स्वतः पिऊन तपासलं आहे, हे वाचून आम्ही प्रभावित झालो. त्यांची निरीक्षणं आमच्या इंजिनियरांना ऐकायची आहेत. कृपया अभ्यासाची पद्धत सविस्तर मांडावी. अगं बाई गं! बारा गावचं पाणी पिणं म्हणजे कुणाला हार न जाणारं, पोचलेलं माणूस, हे जॉर्डनच्या माणसाला कसं कळावं? आणि मी, तीन वर्षं या धंद्यात मिरवणारी, त्यांना ते सांगितलं नव्हतं.

धंदा गेला खड्ड्यात. मला भीती होती मावशींची. परवा सकाळी त्या तिथं उभ्या राहणार, इंजिनियर लोक त्यांना आकडे विचारणार, आणि सगळ्या सभागृहाला वाटणार की ही बाई खोटं सांगून आली. उभ्या जन्मात जिच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही तिला माझ्या दोन बोटांच्या घाईनं लबाड ठरवलं असतं. त्या दिवशी मी मावशींना काही बोलले नाही. शरम वाटली, दुसरं काय!

दुसरा दिवस, गावाबाहेरचा रस्ता

सकाळी उठल्या उठल्या ठरवलं, परिषदेच्या अध्यक्षांकडं जायचं आणि चूक कबूल करायची. ते गावाबाहेर एका पाण्याच्या केंद्रावर होते. समीरा आम्हाला घेऊन निघाली. वाटेत उजाड माळ लागला, अगदी आपल्या कन्नडकडच्या उन्हाळ्यातल्यासारखा, आणि रस्त्याच्या कडेला मेंढरांचा कळप दिसला.

"थांबव! थांबव म्हन तिला!" मावशी ओरडल्या.

गाडी नीट थांबायच्या आत त्या उतरल्या होत्या. तिथल्या मेंढ्यांना मागं शेपटीच्या जागी चरबीचा रुंद गोळा लोंबतो. मावशींनी एकीची शेपटी हातात तोलून बघितली आणि मेंढपाळाकडं अशा नजरेनं पाहिलं, की हे तू केलंस का? मग दात बघितले, खूर बघितले, शीळ घातली. मेंढरांनी ढुंकून बघितलं नाही. मेंढपाळ हसला, त्यानं आपली शीळ घातली आणि सगळा कळप वळला. मावशी खूश झाल्या. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघं सारखी बोलत होती.

कळप टँकरनं भरलेल्या हौदाकडं निघाला, तशा मावशी पुढं झाल्या. ओंजळ भरली, पाणी तोंडात घोळवलं, गिळलं आणि मान डोलावली. "पाजा. मचूळ हाय जरा, पन बाधायचं नाय."

"मावशी, तुम्ही कशाला पिलात?" मी विचारलं.

"आता हे काय नवीन इचारतीस?" त्या म्हणाल्या. "नव्या गावाला गेलं की आधी मी पिते, मग मेंढरं सोडते. मेंढराचं पोट बिघडलं तर त्याला सांगता येतंय का? मला येतंय. माझी सासूबी असंच करायची."

मी त्या हौदाच्या कडेला मटकन बसले आणि सगळं ओकून टाकलं. परिचय, शब्दाला शब्द केलेलं इंग्रजी, न वाचलेला मेल, फलक, सगळं. बोलता बोलता रडू आलं. मावशी ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा कठीण होत चालला होता. मला वाटलं, आता ही बाई मला इथंच सोडून मेंढरांमागं निघून जाते.

"म्हंजे तू लिहिलंस, मी बारा गावचं पाणी पिले."

"हो."

"बाराच कामून लिहिलं?"

मला आधी कळलंच नाही.

"पोरी, माझी गावं कमी केलीस की!" मावशी कडाडल्या. "जलमभर चाललेय मी. बारा गावं तर आमची दिवाळीच्या आधीच व्हायची!"

गाडीत बसल्यावर त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. गाव, मग त्याच्या विहिरीची किंवा ओढ्याची चव, मग पुढचं पेर. लासूरचं आमच्या रानातलं पाणी "गोड, पन जड" निघालं. केंद्राच्या फाटकाशी गाडी वळली तेव्हा त्या थांबल्या. "एकेचाळीस," त्यांनी सांगितलं.

अध्यक्ष नबीलसाहेब म्हणजे पांढऱ्या मिशांचे, काटेकोर गृहस्थ. सगळी हयात पाण्याच्या कामात गेलेली. मी उभ्या उभ्याच माझी चूक सांगितली. त्यांनी चष्मा काढला.

"उद्या सकाळी या देशातले सगळे पाण्याचे जाणकार समोर बसलेले असतील," ते शांतपणे म्हणाले. "त्यांच्यापुढे मी एक वाक्प्रचार उभा करू?"

मी म्हणाले, नाही, एकेचाळीस गावं उभी करा. आणि हौदाची गोष्ट सांगितली. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? एका प्राध्यापकांना ते बीजभाषण देऊन टाकायचं, मावशींनी शेवटच्या दिवशी दहा मिनिटं बोलायचं, असं त्यांनी समीराला सांगितलंही. तेवढ्यात मावशींनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हनतोय?" मी सांगितलं.

"मग पाज म्हनावं मला. तोंड कशाला वाकडं करतोय?"

नबीलसाहेबांना हे मात्र आवडलं. त्यांच्या टेबलामागं ठिकठिकाणच्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या होत्या, मागच्या बाजूला चिठ्ठ्या लावलेल्या. आमच्याकडं पाठ करून त्यांनी पाच पेले भरले. मावशींनी पिशवीतून शिळी भाकरी काढली. एक घोट, मग भाकरीचा तुकडा, मग पुढचा घोट. घाई कसली ती नाही. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नवस बोलत होते. मग त्यांनी चार पेले एका ओळीत मांडले.

"हे पावसाचं, साठवलेलं. हे झऱ्याचं, लई गोड. हे विहिरीचं. अन् हे खोल बोअरचं, मचूळ. ह्या पाण्यात डाळ शिजायची नाय, अन् साबण तर फेसायचाच नाय."

मी इंग्रजी करायच्या आत नबीलसाहेब पुढं झुकले. "साबून?" त्यांनी विचारलं आणि हात एकमेकांवर चोळले.

"व्हय, साबण!" मावशींनीही हात चोळले. "फेस नाय! कायबी नाय!"

नबीलसाहेबांनी एकेक बाटली फिरवून चिठ्ठ्या वाचल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पाचव्या पेल्याकडं बोट केलं. मावशींनी तो पुन्हा तोंडाला लावला, डोळे मिटले, आणि पेला असा ठेवला की पाणी टेबलावर सांडलं.

"ह्यानं दोन पाणी एकात ओतलंय," त्या रागानं म्हणाल्या. "आधी गोड लागतंय, अन् गिळल्यावर मचूळ. आमच्याकडचे टँकरवाले असंच करत्यात. त्याला म्हनावं, तू एवढा मोठा मानूस, अन् पाव्हण्याला फसवतोस व्हय?"

मी शब्दाला शब्द इंग्रजी केलं. या वेळी तेच बरोबर होतं. नबीलसाहेब असे हसले, असे हसले, की बाहेरची माणसं दारात गोळा झाली. हसून झाल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवून मावशींची माफी मागितली. मग समीराकडं वळून म्हणाले, "उद्या नऊ वाजता. आणि तो बारा आकडा बदला."

तिसरा दिवस, सभागृह

सभागृह गच्च भरलेलं होतं. मावशी हिरवं लुगडं नेसल्या होत्या आणि खांद्यावर घडी घातलेली घोंगडी होती. भाषणाचं उभं टेबल त्यांच्या हनुवटीपर्यंत येत होतं, तर त्या सरळ त्याच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या. हातात कागद नाही, मागं पडद्यावर चित्रं नाहीत. शेजारी मी, इंग्रजी करायला.

"मी शिकलेली नाय," त्यांनी सुरुवात केली. "पन तुम्ही मशीन लावता तवा तुम्हाला जे कळतंय, ते मेंढराला आधी कळतंय. अन् मेंढराच्या आधी मला."

मग त्या गावांवर आल्या. आपण रस्त्यानं बोलत चालतो तसं एकामागून एक. सासूबाई ज्या विहिरीला साखरी म्हणायच्या, तिचं पाणी आता मेंढरू हुंगतं आणि माघारी फिरतं. सगळ्यांनी बोअर खोल खोल नेले, आणि खोल गेलं की पाणी मचूळ. ज्या गावात मेंढरू माघारी फिरलं, तिथं चावडीवर जाऊन त्या सांगून यायच्या. कुणी ऐकायचं, कुणी हसायचं. "एका गावानं ऐकलं," त्या म्हणाल्या. "शेजारचे बोअर बंद ठेवले, विहिरीचा गाळ काढला, ओढ्याला बांध घातला. दोन पावसाळे गेले. मग मी मेंढरं घेऊन गेले, अन् पुढची म्हातारी मेंढी खाली वाकली अन् पित राहिली. मी बघत उभी. मला तर रडूच आलं बाई."

मी एकाच ठिकाणी अडले, मचूळ या शब्दाला. धड खारं नाही, धड गोडं नाही, तोंडात रेंगाळणारं. हे इंग्रजीत कोंबायला गेले तर सगळी चवच जात होती. शेवटी मचूळच ठेवला. नंतर चहाच्या वेळी टाय लावलेली माणसं पेला तोंडाला लावून एकमेकांना "मचूळ? मचूळ!" असं विचारत होती. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, खरं सांगते.

शेवटी नबीलसाहेब उठले आणि म्हणाले, एकेचाळीस गावांचं पाणी जाणणाऱ्या या तज्ज्ञ बाईंचे आभार. मी ते मावशींना सांगितलं. मावशींनी हात वर केला.

"एकेचाळीस नाय," त्या म्हणाल्या. "बेचाळीस. काल तुमच्या गावचं बी पिले."

मी ते इंग्रजीत सांगितलं, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेतला एक थोराड इंजिनियर रुमालानं डोळे पुसत होता. मावशींनी टाळ्या थोडा वेळ ऐकल्या आणि मला म्हणाल्या, "बसा म्हन की त्यांना. पाय दुखतील."

परत गुलमंडीत

आम्ही आलो त्या दिवशी नेमका नळाचा दिवस होता, म्हणून माझं स्वागत करायला गल्लीत कुणाला सवड नव्हती. आबा मात्र लासूरहून आले होते. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ मिशीत हसत राहिले. "वाजवणारी एकटीच व्हती," म्हणाले, "पन लई जोरात वाजली."

महिनाभरानं दुसऱ्या एका देशातून मेल आला. बेचाळीस पाण्यांची बाई त्यांना त्यांच्या परिषदेत हवी होती, पुन्हा बीजभाषणालाच. या वेळी मी मेल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. पेढे आणायला उठलेले पाय आवरले आणि आधी मावशींना फोन लावला. त्या रानात होत्या, मागं मेंढरं ओरडत होती.

"मावशी, परत बोलावणं आलंय. तुमचा परिचय लिहायचाय. लिहू ना?"

"लिही की," त्या म्हणाल्या. "पन ह्या बारीला मोजून लिही. कालच आनखी एका गावचं पिलेय."